दोघींपैकी एक

आमच्या घरात रोज बाबांच्या तोंडाचा वास घेतला जायचा. बाबा कामावरून आले की चपला दाराबाहेर काढायचे, डबा मोरीत ठेवायचे आणि आई समोर येऊन उभी राहिली की तोंड उघडायचे. आई त्यांच्याहून बरीच बुटकी, त्यामुळे ते जरा वाकायचे. आई वास घ्यायची, बाजूला व्हायची आणि चहाचं आधण ठेवायची. घरात पाहुणे असले तर हा प्रकार मागच्या खोलीत उरकला जायचा. तेव्हा मी आणि ताई काही लहान नव्हतो. ताई बदलापूरच्या एका शाळेत शिकवत होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. मी उल्हासनगरला कॉलेजात जात होते. तरीही या रोजच्या तपासणीत आम्हाला काही वावगं वाटेनासं झालं होतं. दारूचा वास कधीच आला नाही. यायचा तो थिनरचा, कारण बाबा फिटर होते त्या कारखान्यात रंगखातं त्यांच्या खात्याला लागूनच होतं.

घर अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, चिखलोलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वस्तीत. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे फरशी घातलेली ओटी. वारा फिरला की कारखान्यांचा वास घरात शिरायचा, आणि आई वासावरून कारखाना ओळखून खिडकी लावायची. पाळी सुटली की रस्त्यावरून रिक्षावाल्यांची हाळी ऐकू यायची, "स्टेशन, स्टेशन, एक सीट, एक सीट." पुढच्या खोलीचा निम्मा भाग जीन्सच्या गठ्ठ्यांनी भरलेला असायचा. उल्हासनगरच्या वस्त्यांना कॅम्प म्हणतात; तिथे शिवलेल्या पँटींना शिलाईचे सुटे धागे लोंबत राहतात. ते कापायचं काम घरोघरी दिलं जातं. हातात मावेल एवढा कटर असतो, त्याने धागा कापडालगत कापायचा, पण कापडाला लागू द्यायचा नाही. आईचा हात इतका बसला होता की ती बोलताना खाली बघतही नसे. कटरची टिकटिक, स्टोव्हवर रटरटणारं सुक्या बोंबलाचं कालवण आणि शेजारच्या टीव्हीवरची मालिका, हे आमच्या संध्याकाळचे आवाज. निळे धागे सगळीकडे असायचे. भाकरीच्या पिठातही एखादा सापडायचा.

बाबांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. आमच्या वस्तीतली बहुतेक घरं बौद्ध, आणि दर रविवारी सकाळी विहारात वंदना असायची. पंचशील म्हणताना पुढे बाबा असत. त्यांनी एक ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी. त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. बाबा ते इतर चारांपेक्षा किंचित मोठ्याने म्हणत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कारणही ठाऊक होतं. आमचे आजोबा मुरबाडकडच्या गावी दारूने गेले. तोल जायचा, वेडेवाकडे हातवारे करायचे, बायकोच्या अंगावर धावून जायचे, शेवटी बोलणंही कळेनासं झालं. बाबा तेव्हा शाळेत होते. घरातली मुलं जशी देवाधर्माच्या गोष्टी ऐकत वाढतात तशा आम्ही दोघी ही गोष्ट ऐकत वाढलो. ती सांगून झाली की बाबा म्हणत, "म्हणून या घरात ती बाटली येणार नाही."

आणि आता बाबांचा तोल जाऊ लागला होता. कधी सुरू झालं ते कोणालाच नेमकं सांगता आलं नाही. आधी हात वळवळायचे, मग खांदा उडायचा. बसल्या जागी पाय असे हलायचे, जणू कुठे गाणं चालू आहे. चालताना ते रस्त्याच्या कडेला जात आणि परत मध्ये येत. ज्यांनी कधी आवाज चढवला नाही ते बाबा मिठावरून ताट भिरकावू लागले. चहा झाला की पूर्वीसारखे आईच्या जोडीने धागे कापायला बसत, पण कटर कापडाला लागायचा.

माल न्यायला मुरली सेठ यायचे. उल्हासनगरचे सिंधी व्यापारी, बोलायला गोड, नजर बारीक. एकदा त्यांनी एक पँट उजेडात धरली.

"बहेनजी, ये देखो. कट मारा है. ये भी, ये भी. भाऊ सुबह से लगा के बैठते हैं क्या?"

सेठ हसले. आई हसली नाही. ते गेल्यावर तिने बाबांच्या हातातला कटर काढून घेतला.

"पिऊन बसत जाऊ नका कामाला."

"वास घेतलास ना मघाशी?"

"बिनवासाची पण असते म्हणतात."

"कुठे मिळते तेवढं विचार," बाबा म्हणाले. "आमच्या कंपनीतले सगळे तुझे पाय धरतील."

ताई तेवढ्यापुरती हसली. मीही. आई कापलेल्या धाग्यांचा गोळा करत राहिली.

विहारातही लोकांना दिसत होतंच. वंदनेच्या वेळी बाबा उभ्या उभ्या डुलायचे आणि मागच्या रांगेतली पोरं त्यांच्यासारखी डुलायची. पाचवं शील आलं की कोणीतरी खोकायचं. एका रविवारी विहाराचे सचिव गायकवाड काका घरी आले. त्यांनी चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "भाऊ, दोन-चार रविवार आराम करा. वंदना मी सांभाळतो."

"माझं काय चुकलं?" बाबांनी विचारलं.

"तसं नाही हो. पण पाचवं शील तुम्ही म्हणायचं आणि लोकांनी... तुम्हीच समजून घ्या."

बाबांना समजलं. त्यानंतर ते रविवारी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून ओटीवर बसून राहत. विहारातला आवाज तिथपर्यंत ऐकू यायचा. ओठ हलायचे.

मी पुढे वर्तमानपत्रात नोकरी केली. कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच नावावर लिहायचं, ही सवय तिथली. या प्रकरणात मी समोर होते तेवढंच लिहिते आहे. एक संभाषण ताईने सांगितलेलं आहे, तिथे तसं नमूद केलं आहे.

डॉक्टरांकडे जायचा हट्ट ताईचा. ती म्हणाली, "आई, वास घेणं पुरे आता. कोणीतरी शिकलेला माणूस बघू दे." कारखान्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. ताईला शाळा होती, म्हणून आई-बाबांबरोबर मी. मेंदूविकाराचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी बाबांना सरळ रेषेत चालायला लावलं, एका डोळ्यासमोरून दुसऱ्या डोळ्यासमोर बोट फिरवलं आणि म्हणाले, "जीभ बाहेर काढा. आता बाहेरच ठेवा." बाबांनी जीभ बाहेर काढली. ती आत गेली. पुन्हा काढली, पुन्हा आत गेली. बाबा ओशाळले. ती त्यांच्या इच्छेविरुद्ध बिळात शिरावी तशी आत जात होती. आई बघत होती. इतके दिवस तिने त्या तोंडाचा रोज वास घेतला होता. जिभेकडे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"वडील कशाने गेले?" डॉक्टरांनी विचारलं.

"दारूने," बाबा आणि आई एकदम म्हणाले.

"तुम्ही पिता?"

"नाही."

"नाही," आई म्हणाली. मी तिला हे ठामपणे म्हणताना बऱ्याच काळाने ऐकलं.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "वडील नक्की किती प्यायचे, कधीपासून, हे कोणाला माहीत असेल?"

ते माहीत असणारी एकच व्यक्ती हयात होती, बाबांची थोरली बहीण. आत्या उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायची. परतताना आम्ही तिच्याकडेच उतरलो. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून दाल पकवान मागवलं आणि प्रश्न ऐकून हातातला पकवानाचा तुकडा बशीत ठेवला.

"पेयाचा कसला? पैसं होतं का पेयाला?" ती म्हणाली. "हातपाय आधी नाचाया लागलं, बाय. मंग लोकं बोलाया लागली, ह्यो पेतो. रोज बोलायची. पोरं धोंडं मारायची. मंग एक दिस बा बोलला, पेतो बोलतात तर पिऊनच बघू. ते शेवटाला. चांगला उभा होता तवा थेंब नाय घेतला."

"हे तू कधी सांगितलं नाहीस," बाबा म्हणाले.

"कोन इचारतंय?"

बाबांच्या रक्ताची तपासणी झाली आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हंटिंग्टन. मेंदूच्या काही पेशी हळूहळू निकामी होतात, हालचालींवरचा ताबा जातो, स्वभाव बदलतो. दारूशी संबंध नाही. हालचाली कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, आजार बरा करणारं औषध नाही. एका जनुकातला दोष आहे, तो वडिलांकडून आला. पुढे ते म्हणाले, "प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. तुम्हाला मुलं किती?"

"दोन मुली."

"हं," डॉक्टर म्हणाले आणि औषधं लिहू लागले.

"म्हणजे दोघींपैकी एक," बाबा म्हणाले. कारखान्यात रोज मालाचे नग मोजणारा माणूस. निम्मं म्हणजे त्यांच्या हिशेबी दोनातला एक. डॉक्टरांनी ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी पुढच्या रुग्णाला आवाज दिला होता. ते वाक्य कोणी दुरुस्त केलं नाही आणि ते आमच्याबरोबर घरी आलं.

आईपर्यंत मात्र त्या दिवशी पहिलंच वाक्य पोचलं होतं. रुग्णालयाच्या जिन्यात तिने पदर तोंडाला लावला. "दारू नाही," ती म्हणाली. "दारू नाही हो." बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात पाठीवरून सारखा घसरत होता. मला वाटतं, आमच्या घरात इतका आनंदाचा दिवस फार वर्षांत आला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले आणि सवयीने दारात वाकून उभे राहिले. आई चहाच ठेवत होती.

"आज वास नाही?"

"जा, हातपाय धुवा," आई म्हणाली.

बुद्ध पौर्णिमेला विहारात कार्यक्रम असायचा. सकाळपासून पातेल्यात खीर शिजायची. त्या वर्षी बदलापूरहून ताईच्या सासरची होणारी माणसंही आली होती. तिचा होणारा नवरा नितीन आणि त्याची आई तिथे हेंद्रेपाड्याला राहायचे. वंदना झाली, भाषणं झाली, गायकवाड काका आभार मानायला उभे राहिले आणि आई बायकांच्या रांगेतून उठली. ती चारचौघांत बोलणारी बाई नव्हती. तिने माइक घेतला नाही.

"माझा माणूस पीत नाही," ती म्हणाली. "कधीच पीत नव्हता. आजार आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलंय. रक्तातच आहे, बापाकडून आलेलं. त्याचा बाप पण पीत नव्हता. इथे जे जे हसले त्यांनी ऐकून घ्यावं. जय भीम."

आणि खाली बसली. मग गायकवाड काका बाबांजवळ आले, त्यांनी बाबांचा हात धरून त्यांना पुढे नेलं आणि म्हणाले, "भाऊ, सरणत्तय तुम्ही घ्या." शेवटची प्रार्थना बाबांनी घेतली. शब्द अडखळत होते. लोक थांबत होते आणि मग त्यांच्या मागून म्हणत होते. मागच्या रांगेतली पोरं हलली नाहीत.

आईने हे सांगितलं नसतं तर बाबांवरचा डाग गेला नसता. 'रक्तातच आहे, बापाकडून आलेलं' हाच त्यातला सगळ्यात भक्कम पुरावा होता. माणसाचा दोष नाही हे त्याहून स्पष्ट करून सांगता येत नाही. पण तेच वाक्य ऐकताना नितीनच्या आईने खिरीची वाटी खाली ठेवली. मी तिच्या शेजारीच बसले होते.

ती पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे आली, एकटी. आंबे घेऊन आली. बोलणं रीतीचं होतं.

"राग मानू नका, वैशालीची आई. भाऊंबद्दल आमच्या मनात काही नाही. उलट बरं वाटलं मला. पण तुम्हीच म्हणालात, रक्तात आहे. मग वैशालीचं पण एकदा बघून घ्या. असतं ना तसलं तपासायचं?"

वैशाली म्हणजे ताई. ती दारात उभी होती. आईच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पाहिलं की डॉक्टरांचं दुसरं, निम्म्या शक्यतेचं वाक्य आत्ता तिच्यापर्यंत पोचलं.

"बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणाले. "कंपनीतून माल सोडायच्या आधी आम्ही चेक करतोच."

"मी माल आहे का बाबा?"

"तू कशाला? माल मी. रिजेक्ट."

नितीनची आई हसावं की नाही या विचारात पडली आणि आंब्यांकडे बघू लागली.

तपासणीआधी समुपदेशन घ्यावं लागतं, बरोबर एक माणूस लागतो. तो माणूस मी. रुग्णालयाच्या एका लहान खोलीत समुपदेशन करणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, टेबलावर पाण्याचे ग्लास. त्यांनी आमच्याकडून घरातल्या सगळ्यांची माहिती घेतली. मग ताईला विचारलं, "समजा, आहे असं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय करशील?"

"शाळेत जाईन," ताई म्हणाली. "सकाळची शाळा आहे."

"बरं. आणि हे कळायला कोणाला हवंय?"

"नितीनच्या घरच्यांना."

"मग आज रक्त घेत नाही मी."

ताई चिडली. "इतक्या लांबून आलोय आम्ही मॅडम. सुट्टी टाकून."

"माहितीये. पण हे कळलं की परत न कळल्यासारखं करता येत नाही. त्यांच्यासाठी करू नकोस. तुला हवं असेल तेव्हा ये. नकोच असेल तर येऊ नकोस, तेही बरोबरच आहे." मग त्यांनी पर्समधून एक नाणं काढलं. बाबांचं 'दोघींपैकी एक' हे वाक्य मीच मघाशी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी नाणं उडवलं, टेबलावर झाकलं आणि दाखवलं. "ही वैशाली." पुन्हा उडवलं. "ही सुजाता. दुसऱ्या वेळी नाण्याला पहिल्या वेळचं काही आठवत नसतं. दोघींनाही असेल, दोघींनाही नसेल, एकीला असेल. कळलं?"

आम्ही दोघी पदवीपर्यंत शिकलेल्या. आम्ही मान हलवली.

त्यानंतर बरेच दिवस ताई शाळेतून आली की वह्या तपासायची आणि मधूनच स्वतःचा हात समोर धरून बोटं ताणून बघायची. एकदा बदलापूरला नितीन तिला भेटला. तो काय म्हणाला हे तिने मला सांगितलं, "आई म्हणते म्हणून करू नकोस. पण खरं विचारशील तर मला माहीत असलेलं बरं वाटेल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? निदान खोटं बोलला नाही. माझंही तसंच आहे. मला माहीत असलेलं बरं वाटेल." ती वह्या बाजूला ठेवत म्हणाली, "रोज हात बघून मी वेडी होईन, सुजा."

ती पुन्हा गेली, मॅडमना तसं सांगितलं आणि रक्त दिलं. निकाल फोनवर सांगत नाहीत, टपालाने पाठवत नाहीत. समोर बसवून सांगतात. त्या दिवशीही मी बरोबर होते. आम्ही नीट बसेपर्यंतही मॅडम थांबल्या नाहीत.

"वैशाली, तुझ्यात तो दोष आलेला नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. "सॉरी," ती मला म्हणाली. "सॉरी, सुजा."

"सॉरी कसलं?" मॅडम लगेच म्हणाल्या. "नाण्याचं सांगितलं होतं ना मी?"

"हो मॅडम. कळलंय मला," ताई म्हणाली आणि रडत राहिली.

बाहेर आम्ही उसाचा रस घेतला. रस्ता ओलांडताना ताईने माझा हात धरला. शाळेत असताना धरायची तसा, मनगटाच्या वर, घट्ट.

घरी आईने ताईच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "चला, एक पीस पास," बाबा म्हणाले. एवढं झाल्यावर त्या दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. आईने त्या दिवशी सुरमई आणली होती. माशाचा मधला तुकडा आमच्या घरी नेहमी बाबांचा. तो माझ्या ताटात आला.

"मला का?"

"खा."

मी जेवण अर्धं टाकून उठले आणि नाणं आणलं. मॅडमनी सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "आण इकडे," आणि त्यांनी स्वतः नाणं उडवलं. त्यांच्या हाताला तो झटका आवरला नाही. नाणं छताच्या पत्र्यावर आपटून जीन्सच्या गठ्ठ्यांत कुठेतरी पडलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कुठे पडलं तेच कळेना," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे पोरी. मला पटलं. आईला पटव." आई पाणी घेऊन आली. तिने माझ्या ताटाकडे बघून म्हटलं, "तो तुकडा गार होतोय."

ताईने नितीनशीच लग्न केलं. मला तेव्हा ते आवडलं नव्हतं आणि मी तसं तिला बोलूनही दाखवलं. "त्यांनी विचारलं यात चूक काय?" ती म्हणाली. "त्याच्या घरात असतं तर मी विचारलं नसतं?" लग्न बदलापूरला झालं. नवरा-नवरीला पंचशील बाबांनी दिलं. पाचव्या शीलाशी ते अडले. जीभ वळेना. हॉलमधला गलका थांबला, वाढप्यांनीही हात थांबवले, आणि ते शील पूर्ण होईपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही. ताईचा मुलगा आता कॉलेजात आहे. त्याच्यापुरता हा विषय संपलेला आहे.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं होते. शेवटची वर्षं अंथरुणावर गेली, त्यांच्याविषयी मी इथे लिहीत नाही. आई आता हेंद्रेपाड्याला ताईच्या जवळ राहते. बाबांचा आजार सुरू झाला त्या वयाच्या आसपास मी आले आहे. मी लग्न केलं नाही. त्याचं कारण वेगळं आहे, पण आईला हा आजारच कारण वाटतो आणि मी तिला दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.

मी तपासणी केलेली नाही. एकदा त्या रुग्णालयात गेले होते. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्या जागी दुसऱ्या बाई होत्या, पण प्रश्न तोच होता. कोणाला कळायला हवंय? मी बातमीसाठी लोकांना प्रश्न विचारून पोट भरलेली बाई. प्रश्न टाळायचे सगळे मार्ग मला येत होते. मी खरं तेच सांगितलं. आईला. म्हणजे 'दोघींपैकी एक' हे तिच्या डोक्यातून जाईल, इकडे किंवा तिकडे. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या काय म्हणणार ते मला माहीत होतं, त्यामुळे मीच उठले.

आई अजून धागे कापायचं काम घेते. थोडंसंच, हात रिकामे राहू नयेत म्हणून. रविवारी मी गेले की ती चहा देते आणि एक पँट आणि कटर माझ्यापुढे सरकवते. "जरा एवढं कापून दे. मला आता दिसत नाही." तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. मी कापायला लागते. ती समोर बसून बघते, धाग्याकडे नाही, माझ्या बोटांकडे. पँट पुरी झाली की ती घेऊन शिलाईवरून अंगठा फिरवते आणि घडी घालते. मग आम्ही दुसरं काहीतरी बोलतो. हे कित्येक वर्षं चाललं आहे आणि ताईलाही माहीत आहे.

गेल्या रविवारी कटर कापडाला लागला. लहानसाच काप होता, खिशाच्या खाली. मी पँट उजेडात धरली. मुरली सेठ धरायचे तशी. मी काही म्हणायच्या आत आईने ती माझ्या हातातून ओढून घेतली.

"कापडच हलकं वापरतात मेले हल्ली," ती म्हणाली. "आण, दुसरी देते."